काचेसारखं कपाट आणि मिस्त्रींचा श्वास

दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस पॉलिशवाल्या मिस्त्रींना फोन करून बघा. ‘आता दिवाळीनंतरच’ हेच उत्तर मिळेल. पुण्या-मुंबईच्या नव्या सोसायट्यांमध्ये या दिवसांत जिन्यातून वर चढताना दोन गोष्टी हमखास जाणवतात. एखाद्या बंद दारामागे थांबून थांबून धडधडणारा कॉम्प्रेसर आणि नाकात जाऊन डोक्यात चढणारा थिनरचा वास. आत कुणाचा तरी वॉर्डरोब, टीव्हीचं युनिट, पलंगाची पाठ रंगत असते. लक्ष्मीपूजनाच्या आत ताबा मिळायला हवा असतो, गृहप्रवेशाच्या पत्रिका गेलेल्या असतात आणि मिस्त्री तोंडाला रुमाल बांधून रात्री अकरापर्यंत रंगाच्या फवाऱ्याची गन चालवत असतात.

हा हंगाम काही फक्त मुहूर्तांमुळे ठरत नाही, हवेमुळेही ठरतो. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, हवेत पाणी असतं आणि फवारलेला रंग दगा देतो. परतीचा पाऊस ओसरला की चार महिने अडकलेली कामं एकदम सुटतात. त्यामुळे वर्षातलं सगळ्यांत घाईचं आणि सगळ्यांत जास्त तास चालणारं काम नेमकं त्या आठवड्यांत येतं, जेव्हा घरमालकाला एकेक दिवस मोजून हवा असतो. या घाईत दार बंद केलं जातं, पंखा बंद केला जातो, खिडक्यांना प्लास्टिक लावलं जातं. रंगावर धूळ बसू नये म्हणून. आत माणूस आहे, हे त्या सगळ्या बंदोबस्तात कुणाच्या मनात येत नाही.

या लेखात मला त्या माणसाबद्दल लिहायचं आहे. पण त्याच्या हातातल्या कौशल्याबद्दल आधी लिहिलं पाहिजे. ते कौशल्य काय असतं हे कळल्याशिवाय आपण त्याच्याकडून काय काय घेतो, हेही कळत नाही.

आपल्याकडे लाकडावर चमक आणायची जुनी रीत लाखेची. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात आणि अंगाभोवती राळेचं कवच तयार करतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून चपडा लाख होते आणि ती स्पिरिटमध्ये विरघळवली की पॉलिश. जगातल्या लाखेचा मोठा वाटा भारतातून जात असे. रांचीजवळ नामकुम इथे 1924 मध्ये लाखेवर संशोधन करणारी संस्थाच उभी राहिली. हे पॉलिश हातानं लागतं. सुती कपड्यात कापूस गुंडाळून बोळा करायचा, तो पॉलिशमध्ये भिजवायचा आणि गोल-गोल, मग आठच्या आकड्यासारखा, मग सरळ असा लाकडावर फिरवत राहायचं. एका हातात काहीच दिसत नाही. पंधरा-वीस हात झाले की सागाच्या रेषा आतून उजळल्यासारख्या दिसू लागतात. आजोबांच्या काळातल्या शिसवी कपाटाला जी खोल, ऊबदार चकाकी असते, ती अशी आलेली असते.

तिला दोन शत्रू. पाणी आणि गरम भांडं. पाण्याचा ओला पेला ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं, चहाची किटली ठेवली की डाग कायमचा. ज्या घरात जेवणाच्या टेबलावरच मुलांचा अभ्यास, भाजी निवडणं आणि पाहुण्यांचा चहा होतो, त्या घराला हे परवडत नाही. म्हणून 1970-80 नंतर मेलामाइन आलं, मग पॉलियुरेथेन, म्हणजे सगळे ज्याला पीयू म्हणतात ते. आणि लाकूडही बदललं. बल्लारशाच्या सागाची फळी परवडेनाशी झाली तशी प्लायवूडवर व्हिनिअर आलं, पुढे एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, आलं. एमडीएफला स्वतःच्या रेषाच नाहीत. त्याला दाखवण्यासारखं काही नाही, त्यामुळे ते पूर्ण झाकावंच लागतं, एका सलग, डाग नसलेल्या रंगानं. असा रंग ब्रशनं येत नाही. कितीही चांगला ब्रश घेतला तरी केसांच्या रेषा राहतात, आणि हे नवे रंग इतक्या लवकर ओढतात की ब्रश परत फिरवेपर्यंत पहिला पट्टा चिकट झालेला असतो. ते फवारावेच लागतात.

फवाऱ्याचा जन्म मात्र सुतारकामात झाला नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो गावी ॲलन डीव्हिलबिस नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. रुग्णाच्या घशात आत, मागच्या भिंतीवर औषध पोचवायचं कसं, ही त्यांची अडचण. बोळ्यानं लावलं तर रुग्णाला उमासे येतात. 1888 च्या सुमारास त्यांनी रबरी फुगा दाबून औषधाचं धुकं करणारा फवारा तयार केला आणि तो विकायला कंपनी काढली. पुढे त्याच तंत्राच्या अत्तराच्या कुप्या निघाल्या. त्यांचा मुलगा थॉमस यानं 1907 मध्ये त्याच कल्पनेवर रंगाची गन बनवली. घसा बरा करायला निघालेलं हे साधन आज जगभर कामगारांच्या घशात आणि त्याच्याही खाली काय काय पोचवतं, हा विचार मनात आला की तो सहजासहजी जात नाही.

शिकागोमध्येही असंच काही घडत होतं. मार्शल फील्ड या अवाढव्य दुकानाच्या देखभालीचं काम जोसेफ बिंक्स यांच्याकडे होतं. तळघरांच्या लांबच लांब भिंतींना चुना मारायला माणसं पुरेनात, म्हणून 1880 च्या दशकात त्यांनी हातपंपाच्या दाबानं चुना फवारणारं यंत्र जुळवलं. 1893 साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं तेव्हा त्यातल्या प्रचंड पांढऱ्या इमारती ठरलेल्या दिवसाआधी रंगवून होणं ब्रशनं अशक्यच होतं. तिथे फवाऱ्यानं रंग मारला गेला. ज्या प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंदांचं ते प्रसिद्ध भाषण झालं, तेच हे प्रदर्शन. तिथल्या ज्या ‘पांढऱ्या नगरा’नं डोळे दिपवले, त्याचा रंग पांढऱ्या शिशाचा होता. रंगाऱ्यांनी तो फवारताना किती हुंगला असेल याचा विचार त्या काळी कुणाला शिवलाही नसेल.

तिसरी कडी रसायनाची. पहिल्या महायुद्धात तोफांच्या दारूसाठी नायट्रोसेल्युलोज, म्हणजे नायट्रिक आम्लात बदललेला कापूस, अमाप प्रमाणात बनत होता. युद्ध संपल्यावर त्या कारखान्यांना दुसरं गिऱ्हाईक हवं होतं. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला ड्यू पॉन्ट कंपनीनं त्यापासून झटपट वाळणारं लॅकर काढलं आणि जनरल मोटर्सनं ते मोटारींवर वापरलं. त्याआधी एका मोटारीचा रंग पूर्ण वाळायला काही आठवडे लागत, गाड्या गोदामात रांगेनं उभ्या असत. आता ते काम काही दिवसांवर, पुढे तासांवर आलं. ‘ड्युको’ हे त्या लॅकरचं व्यापारी नाव. आजही आपल्याकडचे मिस्त्री लाकडावरच्या सलग, रंगीत, फवारलेल्या कामाला ड्युकोच म्हणतात, मग डब्यात पीयू असो की आणखी काही. मोटारीवरून तो रंग फर्निचरवर आला आणि येताना गॅरेजची गन, कॉम्प्रेसर आणि थिनर बरोबर घेऊन आला. गॅरेजमध्ये निदान शटर उघडं असतं. आपण ते सगळं तिसऱ्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये नेलं.

पुण्याच्या दक्षिणेला नऱ्हे-धायरीच्या गल्ल्यांमध्ये पत्र्याच्या शेडखाली फर्निचरचे बरेच कारखाने आहेत. अशा एका शेडमध्ये मी गेले तेव्हा गन भिंतीवर टांगलेली होती आणि चौघं जण घासत होते. माझा समज असा की मी लवकर आले. मिस्त्री म्हणाले, “ताई, हेच काम. गन तर शेवटी.”

ते अक्षरशः खरं होतं. एमडीएफच्या दाराची कापलेली कड रंग पिऊन टाकते, तिला आधी सीलर पाजावा लागतो, वाळला की घासायचा, पुन्हा पाजायचा. खिळ्यांची भोकं, सांधे, खरवडे यांत लांबी भरायची. लांबी पातळ हातानं, थरावर थर. एकदम जाड भरली तर वाळताना आक्रसते आणि रंग मारल्यावर महिन्याभरानं तिथे खड्डा दिसतो. मग प्रायमर. मग काचपेपर, 180 चा, मग 220, मग 320, शेवटच्या हातांमध्ये 400 किंवा त्याहून बारीक. प्रत्येक हातानंतर फडक्यानं आणि हवेनं धूळ काढायची. सागाच्या व्हिनिअरला वेगळी काळजी घ्यावी लागते. सागाला अंगचं तेल असतं, ते थिनरनं पुसून काढलं नाही तर वरचा थर नीट धरत नाही.

मिस्त्री डोळ्यांनी तपासत नव्हते. डोळे बाजूला, आणि तळहात दारावरून सावकाश फिरवत होते. एका जागी थांबले, खडूनं गोल केला आणि पोराला म्हणाले, “इथं पोट आहे.” मी तिथे हात ठेवला, मला काही लागलं नाही. तेव्हा त्यांनी दार उजेडाकडे तिरकं धरलं. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्या गोलाजवळ किंचित वाकलेलं होतं. फवारलेला रंग काहीच लपवत नाही. ब्रशच्या रंगात चुका मुरतात, इथे त्या आरशात दिसाव्यात तशा दिसतात. त्यामुळे गनचं काम म्हणजे झटपट काम, हा ग्राहकांचा समज मुळातच चुकीचा आहे. गननं रंग लावायचा वेळ वाचतो, पण वाचलेला वेळ सगळा घासाईत जातो, आणि त्यातला एक मिनिटही पूर्ण झालेल्या कपाटात दिसत नाही.

गनची रचना समजून घेतली की हाताचं मोल कळतं. ट्रिगर थोडा दाबला की आधी नुसती हवा सुटते, आणखी दाबला की सुई मागे सरकते आणि बारीक भोकातून रंग येतो. त्या भोकाभोवतीच्या कड्यातून वेगानं सुटणारी हवा रंगाची धार फोडून तिचे कण करते. बाजूच्या दोन शिंगांमधून येणारी हवा त्या गोल फवाऱ्याला दाबून चपटा पंखा करते. भोक केवढं हे रंगावर ठरतं. वरच्या पातळ कोटला 1.3 किंवा 1.4 मिलिमीटर, जाड प्रायमरला 1.8 च्या आसपास. रंग किती पातळ हवा हे मोजायला एक छोटा कप असतो, बी-फोर कप. तो भरायचा, खालच्या भोकावरचं बोट काढायचं आणि धार तुटेपर्यंत किती सेकंद गेले ते बघायचं. कारखान्यात हे होतं. साइटवर बहुतेक जण काडीवरून रंग ओघळवून अंदाज घेतात, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं तो अंदाज बराचसा बरोबर असतो.

पुढचं सगळं मनगटाचं, खरं तर मनगट न हलवण्याचं. गन पृष्ठभागापासून वीतभराहून थोडी जवळ, सहा ते आठ इंचांवर, आणि सरळ काटकोनात. हात खांद्यापासून हलवायचा. मनगट वळलं की फवारा कमानीत फिरतो, मध्ये रंग जास्त पडतो आणि दोन्ही टोकांना विरळ. दार सुरू होण्याच्या आधी ट्रिगर दाबायचा, संपल्यावर सोडायचा, म्हणजे थांबणं आणि सुरू होणं दोन्ही दाराच्या बाहेर. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर चढवायचा. ओला थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका. त्याहून जाड झाला तर उभ्या दारावर ओघळ, पातळ झाला किंवा गन लांब गेली तर कण वाटेतच सुकून खरखरीत पावडर बसते. रंग जास्त दाट असेल, हवेचा दाब कमी असेल, तर कण नीट फुटत नाहीत आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. या दोषाला मिस्त्री ‘ऑरेंज पील’ म्हणतात आणि तो दिसला की पुन्हा काचपेपरपासून सुरुवात.

मिस्त्रींनी सात फुटी दारावर पहिला पट्टा मारला तेव्हा ते चालत होते. पाऊल, खांदा आणि गन एका वेगात. दाराच्या टोकाशी वेग कमी झाला नाही. तिथेच नवशिक्याचा हात अडखळतो. ओलं दार उजेडात चकाकत होतं आणि त्यावर एकही रेष नव्हती. कोणत्याही गायकाच्या रियाजाला आपण जो मान देतो तो या हालचालीला द्यायला हवा, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

मुंबई-कोकणातल्या मिस्त्रींना आणखी एक विद्या शिकावी लागते, ती म्हणजे दमट हवेशी वागण्याची. लॅकरमधला थिनर भराभर उडतो तेव्हा उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. दार थंड पडतं, हवेतली वाफ त्यावर दंव होऊन बसते आणि ओल्या थरात अडकते. काळंभोर पॉलिश दुधाळ पांढरं होतं. उपाय म्हणजे सावकाश उडणारं थिनर मिसळणं किंवा सरळ काम थांबवणं. कॉम्प्रेसरच्या टाकीतही तेच पाणी साचतं, कारण दाबलेली हवा थंड झाली की बाष्प सोडते. टाकीच्या तळाची चावी रोज सोडली नाही, नळीवर पाणी अडवणारा फिल्टर नसला, तर फवाऱ्यातून थेंब उडतात आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात.

हल्ली घरबसल्या रंग मारायची छोटी विजेची यंत्रंही काही हजार रुपयांत मिळतात. कॉम्प्रेसर लागत नाही, आतला पंखाच हवा देतो. ज्यांना आजीची खुर्ची किंवा मुलाचं टेबल स्वतः रंगवायचं आहे त्यांनी जरूर रंगवावं, त्यातला आनंद खरा आहे. पाण्यात मिसळणारा रंग घ्या, एका घटकाचा, हार्डनर नसलेला. गच्चीत किंवा उघड्या पडवीत, वारा पडलेला असताना, सकाळच्या वेळी काम करा. खुर्ची आधी उलटी करून पायांच्या आतल्या बाजू मारा, मग सरळ करून बाहेरच्या, बसायची जागा सगळ्यांत शेवटी. पुठ्ठ्यावर हात बसेपर्यंत खुर्चीकडे वळू नका. एक जाड हात मारण्यापेक्षा तीन पातळ हात मारा. आणि काम संपल्या संपल्या गन धुवा. सुकलेली गन पुन्हा पहिल्यासारखी चालत नाही. आत शिरलेला रंग लाकडाला पकडतो तसाच सुईलाही पकडतो. जुनं फर्निचर घासणार असाल तर एक खबरदारी घ्या. भारतात घरगुती रंगांमध्ये शिशाची मर्यादा दहा लाखांत 90 भाग इतकी कडक झाली ती 1 नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या रंगाचा थर कोरडा घासून त्याची धूळ घरात उडवू नका, पाणीपेपरनं ओला घासा आणि लहान मुलांना लांब ठेवा.

स्वतःसाठी एक खुर्ची रंगवणं वेगळं, आणि वर्षातले तीनशे दिवस दुसऱ्यांची कपाटं रंगवणं वेगळं.

साध्या गनमधून सुटलेल्या रंगापैकी साधारण एक तृतीयांशच लाकडावर बसतो. बाकीचा धुकं होऊन खोलीत राहतो. याला उत्तर म्हणून कमी दाबाच्या, जास्त हवेच्या गन निघाल्या. 1980 च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिस परिसरातल्या हवाशुद्धीच्या नियमांनी किमान 65 टक्के रंग वस्तूवर बसला पाहिजे अशी अट घातली, आणि त्या गन तिथे रूढ झाल्या. त्यांच्या टोकाशी दाब फक्त 10 पीएसआय असतो, पण त्यांना हवा भरपूर लागते. साइटवर नेता येणारा एक अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर तेवढी हवा देऊ शकत नाही. म्हणून फ्लॅटमध्ये अजून तीच जुनी गन चालते, आणि वाया जाणारा रंग ग्राहकाच्या पैशातून आणि मिस्त्रींच्या छातीतून जातो.

या धुक्यात काय असतं? थिनरमध्ये टोल्युइन, झायलिनसारखे द्रावक. त्यांनी डोकं दुखतं, भोवळ येते, मळमळतं. वर्षानुवर्षांत त्यांचा मज्जासंस्थेवर परिणाम होतो. पण त्यांना निदान वास आहे. पीयूच्या दुसऱ्या डब्यात, हार्डनरमध्ये, जे आयसोसायनेट असतं त्याचा वास धोक्याची पातळी ओलांडली तरी येत नाही. बेस आणि हार्डनर मिसळले की त्यांची साखळी जुळते, म्हणूनच तो थर इतका कणखर होतो. जुळण्याआधी ते फवाऱ्याच्या बारीक कणांवर बसून फुप्फुसात उतरतं. शरीर त्याला एकदा ‘ओळखायला’ लागलं की पुढे अगदी अल्प मात्रेनंही दम्याचा झटका येतो. त्या माणसाला तो धंदाच सोडावा लागतो. हे कातडीतूनही होऊ शकतं. ब्रिटनमध्ये कामाच्या जागी होणाऱ्या दम्याच्या कारणांत आयसोसायनेट फार वर राहिलं आहे. तिथल्या सुरक्षा यंत्रणेच्या सांगण्यानुसार मोटारी फवारणाऱ्या रंगाऱ्यांना दमा होण्याचा धोका सर्वसाधारण कामगाराच्या सुमारे 80 पट असतो. भोपाळमध्ये 1984 साली सुटलेला वायू मिथिल आयसोसायनेट होता. हार्डनरमधलं रसायन ते नव्हे, तितकं वायुरूपही नव्हे, पण ते त्याच कुळातलं आहे, एवढं तरी डबा उघडणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं.

डबा उघडणाऱ्याला मराठीत किंवा हिंदीत सहसा कुणी ते सांगत नाही. सूचना बारीक इंग्रजी अक्षरांत असतात. मी पाहिलेल्या साइटवर एकानं रुमाल बांधला होता, दुसऱ्यानं करोनाच्या काळातला उरलेला कापडी मास्क. चांगल्यातला एन-95 सुद्धा कण अडवतो, वाफ अडवत नाही. द्रावकांसाठी सक्रिय कोळशाच्या डब्या असलेला रबरी मास्क लागतो, आणि आयसोसायनेट फवारताना खरं तर बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटाच हवा. कारण डबी संपली हे सांगणारा वासच नाही. ब्रिटनमधल्या तपासात आणखी एक बारकावा पुढे आला तो मला फार महत्त्वाचा वाटतो. रंगारी फवारताना मुखवटा नीट लावतात, आणि ट्रिगर सोडल्या सोडल्या तो वर करून काम कसं झालं ते वाकून बघतात. धुकं डोळ्यांना दिसेनासं झालेलं असतं, पण हवेत ते अजून असतं. नेमक्या त्या क्षणी, कामाच्या अभिमानापोटी, ते एक दीर्घ श्वास घेतात.

शेडमधले मिस्त्री चव्वेचाळीस वर्षांचे. बीड जिल्ह्यातून आलेले. सकाळी जिना चढताना थांबावं लागतं, असं ते सहज बोलता बोलता म्हणाले. मी विचारलं, डॉक्टरांना दाखवलं का. म्हणाले, “थंडीत होतं. धुळीचं आहे.” कशावर काम करता हे डॉक्टरांनी विचारलं का, यावर त्यांनी मान हलवली. नाही. त्यांना काय झालंय हे सांगायचा अधिकार मला नाही. पण दम लागणाऱ्या माणसाला ‘काम काय करता, आणि रविवारी बरं वाटतं का’ हे दोन प्रश्न विचारले गेले पाहिजेत, कारण कामामुळे होणाऱ्या दम्याची पहिली खूण सुटीच्या दिवशी बरं वाटणं हीच असते.

आगीबद्दलही थोडं. टोल्युइनची वाफ चार अंश तापमानालाही पेट घेऊ शकते, म्हणजे महाबळेश्वरच्या थंडीतही. ती हवेपेक्षा तिपटीनं जड असते, जमिनीलगत पसरते, दाराखालून शेजारच्या खोलीत जाते. तिथे फ्रिजचा रिले टिकटिकतो, कुणी गॅस पेटवतं, देवघरात समई असते. घरात माणसं राहत असताना एका खोलीत फवारा मारणं हे म्हणूनही चूक आहे.

मग करायचं काय? ड्युको, पीयू नकोच, असं मी म्हणणार नाही. त्यावर हजारो घरं चालतात. पण दारं, खण, पाठी हे सगळं सुटं होतं, आणि ते सुटं करून शेडमध्ये नेऊन रंगवता येतं, जिथे हवा खेचून घेणारा पंखा आणि रंगाचं धुकं पाण्याच्या पडद्यात पकडणारं बूथ असू शकतं. चांगले कारखाने हे आता करू लागले आहेत. सुतारकामाचा आराखडा करतानाच तसं ठरवलं तर वाहतुकीचा खर्च वाढतो, बाकी फारसं अडत नाही. साइटवरच करायचं असेल तर पाण्याचा, एका घटकाचा रंग मागता येतो. तो पावसाळ्यात सावकाश वाळतो, लाकडाचे तंतू उभे करतो म्हणून एक घासाई जास्त लागते, आणि टिकाऊपणात दोन घटकांच्या पीयूच्या थोडा मागे असतो. बेडरूमच्या कपाटाला तेवढा टिकाऊपणा पुरतो. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली कदाचित नाही. पाण्याचा म्हणजे बिनधोक, असंही धरून चालू नका. पाण्याच्या दोन घटकांच्या रंगाला हार्डनर सहसा आयसोसायनेटचाच असतो. पांढरा रंग निवडताना एक प्रश्न जरूर विचारा, हार्डनर पिवळा न पडणारा आहे का. स्वस्तातला हार्डनर उजेडात पिवळसर होतो, आणि काही वर्षांत तेच कपाट पुन्हा घासून पुन्हा फवारायची वेळ येते, पुन्हा त्याच माणसावर.

कायद्यात वाटा आहेत. कर्मचाऱ्यांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या यादीत कामामुळे होणारा दमा आहे. पण ज्याच्याकडे हजेरीचा कागदच नाही, तो हे सिद्ध कुठून करणार? महाराष्ट्रात इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. त्याच्या कामांच्या यादीत रंग, वार्निश लावण्यासह सुतारकाम धरलेलं आहे. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला दिला तर नोंदणी होते. तो दाखला सहसा मालकानं किंवा ठेकेदारानं द्यायचा असतो. शेडमधल्या चौघांपैकी एकाकडेही नोंदणीचं कार्ड नव्हतं, आणि दोघांना असं काही मंडळ आहे हे मी सांगितलं तेव्हाच कळलं.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी पुढच्या वर्षी सुतार येईल. त्याच्या कोटेशनमध्ये प्लाय, व्हिनिअर, बिजागऱ्या, चॅनल, पॉलिश प्रति चौरस फूट असे रकाने असतील. आपण प्रत्येक रकान्यावर घासाघीस करू. त्या कागदावर आपल्या हातानं आणखी काही ओळी लिहा: फवारणाऱ्या प्रत्येक माणसासाठी डब्यांचा मास्क आणि बदलायच्या डब्या, हातमोजे, हवा बाहेर काढणारा पंखा, त्या खोलीत दुसऱ्या कुणाला काम नाही, आणि रंग वाळायला ठेवलेले दिवस. रक्कम समोर मांडा. दोन घटकांचा पीयूच हवा असेल तर ही यादी पुरत नाही. ते काम हवेचा मुखवटा आणि बूथ असलेल्या शेडमध्येच करून घ्यायचं, असं तिथेच लिहा. सगळं मिळून दोन खोल्यांच्या फर्निचरच्या खर्चात ते फार भरत नाही. मिस्त्री हे ठेकेदाराला बोलून दाखवणार नाहीत, कारण बोलले तर पुढचं काम दुसऱ्याला जातं. ते आपणच मागायचं आहे, ॲडव्हान्स देण्याआधी, कारण तेव्हाच ठेकेदार आपलं ऐकतो.